लाल दाराची भिंत

१

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण संस्कृतीला तापाचं औषध पाजून मी नुकतंच घड्याळाकडे बघितलं होतं. तीन वर्षांच्या पोरीचं अंग तापलं की माझं निम्मं लक्ष घड्याळात असतं.

आमच्या खाली घरमालकाचे माग आहेत. दिवसभर खटाखट चालतात, टॉवेल निघतात. लग्न होऊन मोडनिंबहून सोलापुरात आले तेव्हा त्या आवाजानं डोकं उठायचं. आता ऐकूसुद्धा येत नाही. बंद पडले की मात्र कळतं. कानात दडे बसल्यासारखं सगळं घर गप्प होतं.

तसंच झालं. पोरगी आतल्या खोलीत झोपलेली. मी बाहेरच्या खोलीत, दारासमोर बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात बाईचा आवाज आला.

"येते गं."

मान वर न करता मी म्हणाले, "या."

त्यात विशेष काही नाही. शेजारची सुंदरम्मा रोज दुपारी सूप घेऊन आमच्या दारात बिड्या वळत बसते आणि उठताना असंच म्हणते. निघणाऱ्यानं जाते म्हणू नये, येते म्हणावं, आणि घरच्यानं या म्हणावं. लहानपणापासून तोंडाला सवय. डोकं त्यात येतच नाही.

निवडलेले खडे बाहेर टाकायला उठले तेव्हा दारात कुणी नव्हतं. गेली असेल, म्हटलं.

संध्याकाळी भाकरी थापताना माझा हात परातीत थांबला. मी दाराकडे तोंड करून बसले होते. आवाज माझ्या पाठीमागून आला होता. पाठीमागे आतली खोली.

२

आमचे हे, अभिमन्यू नाव त्यांचं, टॉवेलच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला आहेत. माणूस शांत. नाद एकच, ठोकळ्यांचा. लहान पोरं एकमेकांत अडकवून घर नाहीतर गाडी करतात, ते प्लास्टिकचे ठोकळे. संस्कृती पोटात असताना नवी पेठेतून तिच्यासाठी म्हणून एक डबा आणला होता. तो डबा अजून तिच्या हाती पडलेला नाही.

त्या एका डब्याचे पुढे पन्नास झाले असतील. नवीन परवडत नाहीत, म्हणून भंगारवाल्याकडून जुने किलोवर आणायचे. साबणाच्या पाण्यात भिजवायचे, गच्चीवर जुन्या चादरीवर वाळवायचे, रंग बघून श्रीखंडाच्या डब्यांत लावायचे. सुट्टीचा अख्खा दिवस त्यात जायचा. स्टेशन केलं, गिरणीची चिमणी केली. बघणारा तोंडात बोट घालायचा, पण आधी हसायचा.

सुंदरम्मा म्हणायची, "पिंकी, तुला दोन पोरं गं. एक तीन वर्षांचं, एक चौतीस."

गावाकडून मामंजींचा फोन आला की ते विचारायचे, "काय करतंय आमचं पोरगं? गवंडीकाम का?"

मी चिडले की ह्यांचं ठरलेलं. "दारू न्हाय, मावा न्हाय. ठोकळं हायती. तुला तरास काय हाय?"

खरं होतं ते. त्रास काही नव्हता.

या उन्हाळ्यात त्यांनी आमचंच घर करायला घेतलं. टेप लावून मापं घेतली. जिना, गॅलरी, खालचं मागाचं शेड, वर आमच्या दोन खोल्या. छप्पर ठेवलं नाही, वरून आत बघता यावं म्हणून. चूल, पलंग, लोखंडी कपाटसुद्धा केलं. माणसं मात्र ठेवली नाहीत. "माणसं ठेवली की खेळणं होतंय," म्हणायचे.

शेवटच्या पोत्यात त्यांना एक भिंत मिळाली. तळहाताएवढी, पांढरी, कुणीतरी आधीच जोडलेली. मधोमध छोटं लाल दार. नखानं, सुरीनं, गरम पाण्यात टाकून बघितली, पण एक ठोकळा सुटेना. ह्यांच्या हातातून न सुटलेली ती पहिलीच. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीच्या जागी ती अशी बसली, जणू मापानंच केलेली.

"तिथं दार कुटं हाय आपल्याला?" मी विचारलं.

"बंदच हाय की. रंग समज."

मग त्यांनी त्या दारापुढं तपकिरी ठोकळ्यांचं कपाट ठेवलं. खरं कपाटही त्याच भिंतीला आहे. दार झाकलं गेलं. ही मी तांदूळ निवडत बसले त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट.

३

दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा सूप घेऊन आली.

"काल येते म्हणून लगेच गेलासा की," मी म्हणाले.

"काल मी कुठं आलते गं? काल कारखान्यात बिड्या द्यायला गेलते. एवढी रांग. पाय मोडले माझे."

"मग येते कोण म्हणालं?"

"कुणाला?"

"मला. मी या म्हटलं."

सुंदरम्माचा हात पानावर थांबला. "तोंड बघून म्हटलीस, का असंच?"

"असंच."

"अय्यो." तिनं बिडीला दोरा गुंडाळला, शेंडा दुमडला. "आमच्या तेलुगूत पण तसंच. निघताना वस्ता म्हणायचं, म्हणजे येते. घरच्यानं रा म्हणायचं, म्हणजे ये. पण बघून म्हणावं पोरी. कोण हाय, कुठं तोंड करून हाय, बघून." माझा चेहरा उतरलेला बघून ती हसली. "मांजर असेल, जा."

"मांजर येते म्हणतं व्हय?"

आम्ही दोघी हसलो. पण मला एक आठवलं. सुंदरम्मा उठताना नेहमी 'येते पोरी' म्हणते. काल त्या बाईनं पोरी म्हटलं नव्हतं.

ती गेल्यावर संस्कृतीला काखेत घेऊन मी खाली उतरले आणि बोळातून घराच्या मागं गेले. आतल्या खोलीची भिंत तिथून दिसते. खाली शेडचे पत्रे, वर कोरी भिंत, एक खिडकीसुद्धा नाही. भिंतीपलीकडे नुसती हवा आणि केबलच्या वायरी. तिथं उभं राहायला कावळ्यालाच जागा.

संस्कृतीनं भिंतीकडे बघून हात हलवला.

"कुणाला टाटा गं?"

"बाई," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

४

मला आधीपासून काळजीचा आजार आहे, असं घरात सगळेच म्हणतात. बाळंतपणानंतर मला झोप येत नव्हती. पोरीचा श्वास चालतो का म्हणून तासातासाला तिच्या नाकाशी बोट धरायचे. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी तेव्हा गोळ्या दिल्या होत्या. त्यामुळं जे दिसलं ते मी कुणाला लगेच सांगितलं नाही. आधी स्वतःलाच विचारलं, पिंके, खरंच दिसलं का?

ह्यांचं ते ठोकळ्यांचं घर फ्रिजवर ठेवलेलं असतं, पोरीचा हात पुरू नये म्हणून. धूळ झटकताना दिसलं, आतल्या खोलीतलं तपकिरी कपाट एक टिंब बाजूला सरकलंय. खाली टिंबं असतात ना, त्यात ते घट्ट बसतं. उचलल्याशिवाय सरकत नाही. मी उचलून जागेवर दाबलं, टक असा आवाज झाला. दोन दिवसांनी परत एक टिंब बाजूला. लाल दाराची कड दिसायला लागली होती.

मग मी खरं कपाट बघायला गेले.

फरशीवर त्याच्या पायाची ओरखड होती. ताजी, पांढरी. कपाट बोटभर बाजूला आलेलं. त्यात माझी रुखवताची भांडी आहेत, गोधड्या आहेत. मला ते दोन्ही हातांनी हलत नाही.

संध्याकाळी हे आल्यावर दाखवलं. त्यांनी उकिडवं बसून ओरखडीवरून बोट फिरवलं.

"मागाच्या हादऱ्यानं सरकतंय. आमच्या कारखान्यात येवढी मशिनं सरकत्यात."

"आणि तुमच्या घरातलं? ते पण हादऱ्यानं?"

"पोरीनं ओढलं आसंल."

"फ्रिजवरचं?"

ते उठले. मग दोघांनी रेटून कपाट भिंतीला लावलं. ते म्हणाले, "तुजी झोप झाली न्हाय. उद्या जाऊ डॉक्टरकडं." आवाजात राग नव्हता. त्यामुळंच मला रडू आलं.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी जुन्याच गोळ्या परत दिल्या. त्या मी घेतल्या. मला स्वतःलाही वाटत होतं, की हे सगळं माझ्या डोक्यात असलं तर बरं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी पुन्हा लाईट गेली. माग बंद पडले. संस्कृती माझ्याजवळच जमिनीवर बसून वाटी-चमचा वाजवत होती. ती एकदम थांबली. तिनं आतल्या खोलीकडे बघितलं. मग मीही ऐकलं, अगदी जवळून, उंबऱ्याशी चपला काढताना माणूस बोलतं तसं.

"आले गं."

मी या म्हटलं नाही. पोरीला उचललं, गॅलरीत गेले आणि लाईट येईपर्यंत उन्हात उभी राहिले. खाली माग सुरू झाले तसा जीव भांड्यात पडला. त्या आवाजावर मी एवढी माया कधी केली नव्हती.

५

संस्कृतीला मीच शिकवलं होतं. बोलायला लागली तेव्हा ती टाटा करताना "जाते" म्हणायची. मी दर वेळी टोकायचे. जाते म्हणू नये बाळा, येते म्हणावं. गेलेलं माणूस परत यावं म्हणून तसं म्हणतात. पोरगी हुशार. पुढं गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं असलं तरी बोटं उघडझाप करत म्हणायची, "मम्मी, येते." आणि मी "ये" म्हणाल्याशिवाय हलायची नाही.

त्यानंतर एका दुपारी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की घरातल्या बाईला दुसरं काही दिसत नाही. गॅलरीतल्या नळाला पाइप लावून मी घागरी, बादल्या, पातेली भरत होते. पोरीला बाहेरच्या खोलीत बाहुली देऊन बसवलं होतं. दर घागरीला मान वळवून बघत होते. होती. होती. पुढच्या घागरीला पण होती.

मग माग बंद पडले.

आणि आतल्या खोलीतून, लाडात, नेहमीच्या आवाजात, "मम्मी, येते."

मी ओरडले, "ये. ये इकडं. पळत ये."

मला म्हणायचं होतं, माझ्याकडे ये. दुसरा शब्द तोंडात आला नाही. आईच्या तोंडात दुसरा कोणता शब्द येणार?

पाइप टाकून मी आत धावले. आतल्या खोलीत अंधुक उजेड होता. लोखंडी कपाट भिंतीपासून तिरकं झालेलं. त्याच्या बाजूला पोरगी उभी होती, भिंतीकडे पाठ करून, माझ्याकडे बघत. तिचा एक हात वर होता, मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर लहान पोराचा असतो तसा. वर धरायला काही नव्हतं. मी तिला उचललं. बाहेर पत्रे तापलेले, घरात उभं राहवत नव्हतं, आणि पोरीचं अंग माठासारखं गार.

वळताना कपाटामागच्या फटीत मला खाली, जमिनीपासून दोन हात वर, काहीतरी दिसलं. लहान हात. मनगटात काळे मणी, संस्कृतीचे असतात तसे. बोटं उघडझाप करत होती.

मी त्याला सावली समजले. पोरगी माझ्या काखेत होती ना. मग दुसरं काय समजणार?

बाहेर नळ तसाच वाहत होता. सगळ्या गॅलरीत पाणी झालं होतं.

६

संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "एक तर ते घर जाईल, न्हाय तर मी पोरीला घेऊन मोडनिंबला जाईन."

त्यांनी वाद घातला नाही. भिंतीपासून सरकलेलं कपाट त्यांनीही बघितलं होतं, आणि या वेळी मागाच्या हादऱ्याचं नाव काढलं नाही. जमिनीवर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं सगळं सोडवलं, जिना, गॅलरी, चूल, पलंग. शेवटी ती पांढरी भिंत राहिली. तिच्यातलं लाल दार आता घट्ट बंद होतं. स्टेशन, चिमणी, श्रीखंडाचे डबे, सगळं पोत्यात भरलं. सकाळी बोळातून भंगाराचा गाडा गेला, त्याच्यावर पोतं टाकलं. भंगारवाल्यानं पैसे काढले, पण ह्यांनी घेतले नाहीत.

गाडा वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. मला फार हलकं वाटत होतं.

त्याच दिवशी पोरीला न्हाऊ घातलं. साबण लावताना काळ्या मण्यांची मनगटी हाताला लागली. दृष्ट लागू नये म्हणून आधी दोन्ही हातांत होत्या. उजव्या हातातली तुटली, डाव्या हातातलीच राहिली. तीही निसटू नये म्हणून मीच दोऱ्यानं शिवून घट्ट केली होती, कापल्याशिवाय निघणार नाही अशी.

ती उजव्या हातात होती. तेच मणी, तोच माझा वेडावाकडा टाका.

मी ह्यांना हाक मारली. ते म्हणाले, "तूच बदलली आसशील." मग त्यांनी टाका बघितला. मनगटातून काढायला बघितली, पण ती हातातून येईना. ते खाली बसले, न्हाणीच्या ओल्या फरशीवरच.

पोरगी आमच्या दोघांकडे बघून हसली. हसू तिचंच आहे. जेवते पण तशीच, डाळ-भात कालवून, आधी भात मग डाळ. पण खोलीच्या त्या टोकावरून हात पसरून माझ्याकडे धावत येते तेव्हा म्हणते, "जाते, मम्मी," आणि येऊन माझ्या मांडीवर बसते. मी "ये" म्हटलं की उठून आतल्या खोलीत जाते आणि कपाटाशी उभी राहते. परवा हे कामावरून आले तर दारात पळत गेली, आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "जा पप्पा, जा."

ह्यांनी तिला उचलून घेतलं. त्यांचे डोळे मात्र माझ्याकडे होते.

आणि माग बंद पडले की भिंतीपलीकडून अजून ऐकू येतं. बाईचं नाही. "मम्मी, येते." पहिल्या दिवशी कपाटामागून आलं. मग शेडच्या पत्र्यांवरून आल्यासारखं. आता तर बोळाच्या टोकाकडून. दर वेळी ती थांबते, मी ये म्हणायची वाट बघत. तशी शिकवणच मी तिला लावलीय.

मी ओठ दाबून बसते. ये म्हणावं, तर त्याच शब्दावर ती गेली. न म्हणावं, तर ती परत कशी येणार? सुंदरम्मा दारात बसून असते, तिलाही ऐकू येतं. परवा तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला.

७

आमची पोरगी त्या लाल दारापलीकडे राहिली, म्हणून ह्यांनी भंगारवाल्याला शोधून काढलं. पोतं त्यानं त्याच दिवशी पुढे विकलं. कुणी घेतलं त्याला आठवत नाही. कामावरून सुटले की आमचे हे सायकल घेऊन भंगाराची दुकानं फिरतात. लोक विचारतात, एवढा मोठा माणूस ठोकळे का धुंडतोय? ते सांगतात, पोरीचं खेळणं हाय. कुणी हसलं तरी हसू देतात.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या ओळखीत कुणी मोठं माणूस असे ठोकळे जमवत असेल, जुने किलोवर घेत असेल, तर त्याला सांगा. पांढरी भिंत, तळहाताएवढी, मधोमध लाल दार. नखानं सुटणार नाही. सोडवू नका, तोडू नका, पोरांना खेळायला देऊ नका. नवी पेठेत खेळण्यांच्या दुकानांत अभिमन्यूचं नाव काढलं तरी निरोप पोहोचतो. तिथले सगळे ह्यांना हसून हसून ओळखतात.

घरात आहे तिला आम्ही उपाशी ठेवत नाही. तिला झोपताना मी थोपटते. तीही कुणाची तरी असेल.

आणि ती भिंत सापडली, आणि घरात सगळं गप्प असताना दारापलीकडून लहान पोरीचा आवाज आला, येते म्हणाली, तर तुमच्या सवयीनं ये म्हणू नका. जा तर नकोच. थांब म्हणा. थांब बाळा, मम्मीला बोलावतो, एवढंच. ती शहाणी आहे, थांबेल.

ज्याला भेटाल त्याला हे सांगा.